पंचवीस शब्दांचा मंत्र: कस्टमरला मेसेज पाठवायचा कसा, हे एका खेळाकडून शिका



या आठवड्याचा व्हिडिओ पाहून काही जणांना वाटलं असेल, की सर आज धंदा सोडून जादूचे मंत्र काय घेऊन बसले? मंत्राचा आणि मोहाच्या लाडवांचा संबंध काय? संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. व्हिडिओत सगळं मावलं नाही, म्हणून इथे निवांत लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मेसेज पाठवायला पैसे लागत नाहीत, म्हणून आपण तो फुकटातल्या वस्तूसारखा उधळतो. रोज सकाळी गुलाबाचं फूल, सणाला शुभेच्छा, मध्येच एखादा जोक. आणि ज्या दिवशी खरंच माल तयार असतो, त्या दिवशी कस्टमर आपला मेसेज उघडतच नाही. याच्यावर उपाय एकच. मेसेज फुकट नाही असं समजून वागायचं. हे ज्यांना पटत नाही त्यांनी पुढचा खेळ समजून घ्या. हसता हसता पटेल.

खेळ काय आहे?

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक भूमिका घेतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. काय करायचं ते खेळाडू ठरवतो, जमलं की फसलं ते फासे ठरवतात. स्क्रीन नाही, पडदा नाही. सगळं तोंडी.

या खेळात निरोप पाठवायचा एक मंत्र आहे, 'सेंडिंग'. आपण त्याला 'निरोप-मंत्र' म्हणू. नियम साधे आहेत:

- निरोप जास्तीत जास्त २५ शब्दांचा.
- अंतर कितीही असो, तो थेट समोरच्याच्या मनात ऐकू येतो.
- समोरचा तुम्हाला ओळखत असेल तर निरोप कोणाचा, हे त्याला आपोआप कळतं.
- तो लगेच उत्तर देऊ शकतो. तेही तसंच, २५ शब्दांत.
- ज्याला तुम्ही ओळखताच नाही, त्याला हा मंत्र लागू होत नाही.

मंत्रासाठी हातात काय लागतं? तांब्याच्या बारीक तारेचा छोटा तुकडा. आपल्याकडेही निरोपाला 'तार'च म्हणायचे, त्यामुळे आपल्याला हे काही नवीन नाही.

आता धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा नियम. हा मंत्र दिवसभर कितीही वेळा टाकता येत नाही. मांत्रिक पाचव्या पातळीवर पोचला की हा मंत्र मिळतो, पण त्या ताकदीचे मंत्र त्याला दिवसाला दोनच टाकता येतात. झोप झाली की परत दोन. आणि नुकताच मेलेला साथीदार जिवंत करायचा मंत्रही त्याच ताकदीचा आहे! म्हणजे सकाळी दोन निरोप गप्पांत घालवले आणि संध्याकाळी लढाईत गडी पडला, तर हात रिकामे.

हसू कुठून येतं?

'क्रिटिकल रोल' नावाचा एक कार्यक्रम आहे. आवाजाचं काम करणारे काही कलाकार घरी मित्रांसोबत हा खेळ खेळायचे. २०१५ पासून ते तो लोकांसमोर ऑनलाइन खेळायला लागले. २०१८ ते २०२१ या काळात त्यांची दुसरी मोठी गोष्ट चालली, १४१ भागांची. त्यात लॉरा बेली ही अभिनेत्री 'जेस्टर' नावाची भूमिका करायची. निळ्या अंगाची, शिंगं असलेली, गोड खाण्याची शौकीन आणि पक्की खोडकर पोरगी. तिच्याकडे हा निरोप-मंत्र होता.

जेस्टर निरोप कसा पाठवायची? आधी लांबलचक नमस्कार. मग 'मी जेस्टर बोलतेय'. आता हे सांगायची गरजच काय? समोरच्याला ते आपोआप कळतं ना! मग विचारपूस, मग इकडचं तिकडचं, खाण्यापिण्याचं. आणि जिथे मुद्द्यावर यायचं, तिथे शब्द संपतात. वाक्य अर्ध्यात तुटतं. शेजारचे खेळाडू बोटांवर शब्द मोजत असतात आणि डोक्याला हात लावतात. पलीकडून डंजन मास्टर मॅथ्यू मर्सर त्या बिचाऱ्या माणसाच्या आवाजात उत्तर देतो, कधी गोंधळलेलं, कधी वैतागलेलं. मग अर्धं राहिलेलं सांगायला दुसरा मंत्र खर्च. लोक पोट धरून हसायचे.

आणि हे हसणं वाया गेलं नाही बरं का. मार्च २०१९ मध्ये याच मंडळींनी आपल्या जुन्या गोष्टीवर कार्टून फिल्म काढायला लोकांकडे साडेसात लाख डॉलर मागितले. जमले १ कोटी १३ लाख डॉलरच्या वर. घरच्या टेबलावरचा खेळ होता, त्याची कंपनी झाली.

म्हणून कोणी म्हणेल, "सर, म्हणजे मेसेजमध्ये गंमत केली तर धंदा वाढतो!" थांबा. इथेच लोक चुकीचा धडा घेतात.

हसतं कोण आणि वैतागतं कोण?

जेस्टरच्या निरोपावर हसणारे कोण आहेत? टेबलाभोवती बसलेले मित्र आणि ऑनलाइन बघणारे लोक. ते हसायलाच बसलेत. त्यांच्याकडे तीन-चार तास आहेत. आणि निरोप ज्याच्या डोक्यात वाजला तो? तो आपल्या कामात आहे. त्याला ना पूर्ण निरोप कळला, ना उत्तर काय द्यायचं ते सुचलं. तो हसत नाही. त्याच्या गोंधळावर बाकीचे हसतात.

आपल्या झाडीपट्टीच्या नाटकाचं उदाहरण घ्या. दिवाळीनंतर गावोगावी नाटकं सुरू होतात, वडसा हे त्याचं मोठं केंद्र. रात्रभर नाटक चालतं, आणि विनोदी पात्र स्टेजवर आलं की मंडप हलतो. त्याने एकच गोष्ट दहा वेळा फिरवून सांगितली तरी चालतं, कारण लोक तिकीट काढून, चादर गुंडाळून बसलेत. पण त्याच नाटकाची जाहिरात करत भोंगा लावलेली गाडी गल्लीतून जाते, तेव्हा तो माणूस काय बोलतो? नाटकाचं नाव, गाव, तारीख, तिकीट. बस्स. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत सगळं सांगून व्हायला पाहिजे. जुन्या काळी दवंडी देणाऱ्यालाही हेच कळत होतं.

तुमचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज म्हणजे स्टेज नाही, ती भोंग्याची गाडी आहे. कस्टमर कामात आहे. त्याच्याकडे दहा सेकंद आहेत. गटातल्या ताई तुमच्या मेसेजवर हसल्या, म्हणजे नागपूरच्या दुकानदाराने ऑर्डर दिली असं होत नाही.

चांगदेवांचा कोरा कागद

निरोपाची अशी फजिती आपल्याकडे काही कमी नाही. चांगदेवांची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. चौदाशे वर्षांचे योगी, अंगात मोठ्या सिद्धी. त्यांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. अडले कुठे? मायन्यावर! वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, की ज्ञानाने मोठे म्हणून 'तीर्थरूप'? ठरेना. शेवटी कोराच कागद पाठवून दिला. तो बघून मुक्ताबाई हसली. इतकी वर्षं जगून चांगदेव कोरेच राहिले, असा टोमणा तिने मारला, असं परंपरा सांगते. पुढे ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर दिलं, तीच चांगदेव पासष्टी.

आपले बरेच मेसेज चांगदेवांसारखेच मायन्यात अडकतात. सर म्हणू की भाऊ म्हणू, आधी शुभ सकाळ की आधी जय सेवा, आदरणीय लिहू की माननीय. शब्द भरपूर, पण कस्टमरच्या दृष्टीने कागद कोरा. आणि कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर द्यायला समोर ज्ञानेश्वर लागतात. सीताबर्डीचा दुकानदार तेवढा मोकळा नसतो.

उलट बाजूनेही हे लागू पडतं. कस्टमर कधी कधी फोटोखाली नुसतं 'रेट?' लिहून सोडतो. तो त्याचा कोरा कागद. तिथे मात्र चिडू नका. भाव, वजन, कधी मिळेल, पैसे कसे द्यायचे, एवढं एका उत्तरात सांगा. त्याने कमी लिहिलं म्हणून आपणही कमी सांगायचं, हा धंदा नाही.

तारेच्या काळात लोक शहाणे होते का?

भारतात तारेची पहिली लाइन १८५० मध्ये कलकत्त्याजवळ टाकली गेली, आणि सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मधल्या दीड शतकात माणसं शब्द मोजून लिहायची, कारण पैसे शब्दावर लागायचे. 'आई आजारी, लगेच ये.' झालं. त्यात 'तुम्हा सर्वांची कुशलता इच्छून' नसायचं. लोक काही जास्त शहाणे नव्हते. प्रत्येक शब्दाला पैसा होता, म्हणून ते विचार करायचे.

आज शब्दाला पैसा नाही असं वाटतं, पण एक किंमत आहेच. ती म्हणजे कस्टमरचं लक्ष. आणि त्याचा मीटर आपल्याला दिसत नाही. तुमचं विसावं गुलाबाचं फूल गेल्यावर तो तुमचा नंबर म्यूट करतो. सांगून करत नाही. भांडत नाही. तुम्हाला वाटतं सगळं छान चाललंय.

आपल्या भागात हे जास्त महाग पडतं. मोहफूल वर्षातून एकदा पडतं, उन्हाळ्याच्या तोंडाला. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला की घरातले सगळे हात तिकडे. लाडू बांधायला, मध गाळायला, बांबूच्या वस्तू करायला जो वेळ मिळतो तो मोजका. आणि एकदा पाऊस लागला की पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही. निरोप-मंत्रात एक मजेशीर नियम आहे. समोरचा दुसऱ्या जगात असेल, तर निरोप न पोचण्याची शक्यता ५ टक्के. आपल्याकडे माणूस याच जगात, याच जिल्ह्यात असतो, तरी पावसाळ्यात मेसेजला एकच टिक येऊन बसते! जिथे नेटवर्कच मोजून मिळतं, तिथे मेसेज तरी मोजून टाकायला नको?

खारीच्या गळ्यात बांधलेला निरोप

त्याच खेळात आणखी एक निरोपाचा मंत्र आहे. एखादी खार किंवा पोपट पकडायचा, त्याला २५ शब्द सांगायचे, कुठे जायचं ते सांगायचं आणि कोणाला द्यायचा त्याचं साधारण वर्णन करायचं. म्हणजे 'पहारेकऱ्याचा गणवेश घातलेला माणूस' वगैरे. तो प्राणी जाऊन तुमच्याच आवाजात निरोप सांगतो. साधा मंत्र चोवीस तास टिकतो, आणि तेवढ्यात उडणारा पक्षी साधारण ८० किलोमीटर जातो. अहेरीहून सोडलेला पोपट चंद्रपूरच्या अलीकडेच थकायचा! वेळ संपली की निरोप गेला, पोपट परत. आणि वर्णनात बसणारा भलताच माणूस आधी भेटला तर? खेळात यावरून जी धमाल होते ती विचारू नका.

आता सांगा, 'हा मेसेज दहा ग्रुपवर फॉरवर्ड करा' म्हणजे दुसरं काय आहे? ती खारच आहे. कोणाला पोचला, कधी पोचला, भाव बदलल्यावर जुना मेसेज कुठे फिरतोय, काही पत्ता नाही. माल कोणाला हवा ते 'साधारण वर्णन' करून चालत नाही. तीस ओळखीच्या नंबरांना पाठवलेला मेसेज तीनशे अनोळखी नंबरांपेक्षा जास्त काम करतो, असं माझं ठाम मत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवालेसुद्धा तेच सांगतात. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. ओळख नाही, तर मंत्र लागू नाही!

मग लिहायचं कसं?

एक नेहमीचा मेसेज बघा. बरोबर २५ शब्द झाले की मी कापतो:

"नमस्कार सर, शुभ सकाळ, कसे आहात, घरी सगळे बरे ना, आमच्या गटातर्फे आपल्याला हार्दिक शुभेच्छा, आम्ही महिला बचत गटाच्या माध्यमातून गेल्या काही वर्षांपासून अतिशय दर्जेदार"

संपलं. दर्जेदार काय? लाडू की लोणचं की झाडू? जेस्टर झाली की नाही?

आता हा बघा. भाव नमुन्यापुरता लिहिलाय:

"सर, अहेरीची लाडूवाली ताई. मोहाचे लाडू, चाळीस डबे तयार. अर्धा किलोचा डबा दोनशे रुपये. शुक्रवारच्या गाडीने पाठवते. तुमच्यासाठी किती डबे ठेवू? मंगळवारपर्यंत सांगा. मुंग्याही विचारतायत!"

मोजा. हेही २५. यात काय काय आलं? कोण, काय, किती, भाव, कधी, आणि उत्तर काय द्यायचं. आणि शेवटी दोन शब्द गमतीचे. विनोद नको असं मी म्हणतच नाही. पण आधी काम, मग उरलेल्या शब्दांत गंमत. मुंग्या आधी आल्या असत्या तर लाडू राहिले असते.

मराठीचा एक फायदा लक्षात ठेवा. 'तुमच्यासाठी', 'मंगळवारपर्यंत' हे आपल्याकडे एकेकच शब्द आहेत. इंग्रजीत त्यालाच दोन-दोन लागतात. म्हणजे २५ शब्दांत मराठी माणूस जास्त बोलू शकतो. मात्र साधा एसएमएस पाठवणार असाल तर उलटं आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. तिथे कामाचंच तेवढं लिहा.

प्रश्न असा विचारा की उत्तर एका शब्दात देता येईल. 'आपला प्रतिसाद अपेक्षित आहे' याला कोणी काय उत्तर द्यावं? 'किती डबे ठेवू?' याला 'दहा' एवढंच पुरतं.

आणि भाषेचं. तो निरोप-मंत्र भाषा येत नसली तरी समोरच्याला समजतो. आपल्याकडे मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू सगळं बोललं जातं आणि प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणातही गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे तसा मंत्र नाही, पण आकडा आणि फोटो आहे. ४० डबे, २०० रुपये, वजनकाट्यावर ठेवलेल्या डब्याचा फोटो. हे कुठल्याही भाषेत कळतं.

"पण सर, माणुसकी?"

हा प्रश्न मला नेहमी येतो. "आपल्याकडे थेट धंद्याचं बोललं की माणूस रुक्ष वाटतो. आधी विचारपूस करायची पद्धत आहे." अगदी बरोबर. आणि ती पद्धत सोडूच नका. पण विचारपूस प्रत्यक्ष भेटीत करा, बाजारात करा, फोनवर करा. तिथे समोरचा बोलायला मोकळा असतो, आणि आपण ऐकतोही. वीस जणांना एकाच वेळी पाठवलेलं 'कसे आहात?' ही विचारपूस नाही, कारण उत्तर ऐकायची तयारीच नाही.

मंत्राचा नियम परत आठवा. आधी ओळख, मग मंत्र. ओळख मेसेजने होत नाही. वर्षातून एकदा नागपूर-चंद्रपूरला जाऊन दुकानदाराच्या हातात एक लाडू ठेवा, चहा प्या, त्याच्या दुकानात काय खपतं ते बघा. मग तुमचे पंचवीस शब्द आले, की त्याच्या डोक्यात तुमचा आवाज वाजेल. माल पोचल्यावर एक फोन करा, 'डबे नीट पोचले ना?' त्यात तुमची माणुसकी दिसते. गुलाबाच्या फुलात ती दिसत नाही.

या आठवड्यात करून बघा

गटाच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. एक ताई दुकानदार. बाकीच्यांनी एकेक मेसेज वाचायचा. दुकानदारीणबाईंनी बोटांवर शब्द मोजायचे आणि पंचविसाव्याला 'बस' म्हणायचं, मग वाक्य अर्धं राहो नाहीतर पूर्ण. मग त्यांनी सांगायचं: काय मिळणार, कितीला, कधी, आणि मी काय उत्तर देऊ. चारपैकी एक जरी कळलं नाही, तर मेसेज परत. खूप हसाल, आणि हे हसू योग्य जागी असेल. कस्टमरच्या फोनवर फजिती होण्यापेक्षा बैठकीत झालेली बरी.

आणि एक नियम महिनाभर पाळा. एका कस्टमरला आठवड्यात दोनच मेसेज, जास्त नाही. पाठवण्याआधी स्वतःला विचारा, हा मंत्र मी आत्ता खर्च केला आणि परवा माल तयार झाला तर हातात काय राहील?

तुमचा पंचवीस शब्दांचा मेसेज कमेंटमध्ये लिहा. सव्वीस झाले तर पुढचा शब्द मी वाचणार नाही, आधीच सांगून ठेवतो. भेटू पुढच्या व्हिडिओत. जय सेवा, जय महाराष्ट्र!